बाबांनी उलटं शिवलेलं होल्स्टर

कोडियाक बेट, अलास्का
८ मे १९९४

हॉकन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. कोणी मेलेलं नाही, कोणी आजारी नाही, आणि मला तुझ्याकडून काहीही नकोय. पंख्याखाली बस आणि नीट वाच.

रॅग्ना माझ्याकडे आहे.

झालं, चढला ना पारा? मला इथून दिसतंय. आधी कान लाल झाले असतील, मग मान. तुझ्या लेकीने तुला सिअ‍ॅटलला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, हे मला ती इथे आल्यावर कळलं. मी तिला त्याबद्दल झापलं. तू झापशील त्यापेक्षा कमी, पण झापलं.

सहज भेटायला आली आहे. टपालाचं विमान खाडीत उतरलं तेव्हा मी किनाऱ्यावर जाळी घेऊन बसले होते. ही लांबलचक पोरगी थेट पाण्यात उतरली, बूट भिजवले आणि म्हणाली, "सिग्ने आत्या का?" मी म्हटलं, "नाही, मी इथली राणी. तू कोण?" तर हसायला लागली. अरे, ते हसणं! आईचं हसणं आहे ते, नाक आक्रसून. मी सुई जाळ्यातच सोडली आणि तिला घट्ट धरलं.

घरात आणून कॉफी दिली. तिने कप डाव्या हाताने उचलला, कोपर बाहेर काढून, आणि माझ्या कोपराला धक्का लागून माझी कॉफी सांडली. याच टेबलावर, हॉकन. भूकंपानंतरच्या लाटेने जुनं घर नेलं तेव्हा हे एकच टेबल खाडीपलीकडच्या फ्योदरकाकांच्या किनाऱ्याला लागलं होतं. याच टेबलावर तुझ्या डाव्या कोपरावरून आपण रोज भांडायचो आणि आई म्हणायची, "दोघं दोन टोकांना बसा नाहीतर बाहेर कुत्र्यांबरोबर जेवा." मी सांडलेली कॉफी पुसली नाही बराच वेळ.

तिला माशाच्या टिक्क्या करून घातल्या, आईच्या पद्धतीने, जायफळ घालून. पाच खाल्ल्या. तू तिला काही खायला घालतोस की नाही?

रागावू नकोस. थोडे दिवस राहील आणि येईल.

सिग्ने


२४ मे

हॉकन,

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात चार ओळी, चारही ओरडून लिहिलेल्या. "पुढच्या विमानाने परत पाठव." बरं. निदान अक्षर तेच आहे, उलट्या बाजूला कललेलं.

आता खरं सांगते. सहज भेटायला आलेली नाही ती. तिने उन्हाळ्याचं काम धरलंय. मत्स्यखात्याचं. आपल्या खाडीत येणारे ओढे वरपर्यंत चालत जायचं आणि साल्मन कुठे अंडी घालतात ते बघून यायचं. राहायला जागा हवी होती, तिने माझं नाव दिलं. मला आधीच पत्र आलं होतं, मी हो म्हणून बसले होते. तुला नाही सांगितलं, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं.

आणि हो, तिला हत्यार बाळगावं लागणार. साल्मनच्या ओढ्यावर हत्याराशिवाय कोणी जात नाही, तुला ठाऊक आहे. शेजाऱ्यांची वाट तीच आहे. (आम्ही अजूनही शेजारीच म्हणतो. घरात अस्वल हा शब्द काढला की आई चमचा मारायची ते आठवतं? रॅग्नाने पहिल्याच दिवशी जेवताना "अस्वल" म्हटलं आणि माझा हात आपोआप चमच्याकडे गेला.)

तू लिहिलंस, "त्या बेटाने माझं काय केलं ते तू पाहिलंस." पाहिलं. विसरले नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास. बाबांनी ते जड रिव्हॉल्व्हर तुझ्या उजव्या कमरेला बांधलं होतं, कारण त्यांच्या बाबांनी त्यांच्या उजव्या कमरेला बांधलं होतं. तू म्हणायचास, मला डाव्या हाताने जमतं. ते म्हणायचे, डाव्या हाताने हत्यार धरणारा आपल्याच माणसाला लोळवतो, शीक. त्या पट्ट्याने तुझं कमरेचं हाड सोलवटलं होतं, आई रात्री त्याला लोणी चोळायची. आणि त्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी तू पट्टा सोडून होडीत वल्ह्याच्या खुंटीला अडकवलास आणि बाबांच्या मागे चालू लागलास. मग वळणावर ती पिलांची आई.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बाबांचा खांदा फाटला. पण तू होडीकडे पळालास आणि हत्यार घेऊन परत त्याच वळणावर गेलास, ती अजून तिथे असेल हे माहीत असून गेलास, हे कोणी बोलत नाही. मी बोलते. तू पोचलास तेव्हा ती गेली होती आणि तू बाबांना पाठीवर घेऊन आलास.

आणि मग बाबा बरे होऊन टेबलाशी बसले आणि म्हणाले, "ज्याला वजन पेलवत नाही त्याने माझ्या होडीत बसू नये." मी तिथेच होते. भांडी घासत होते. मला वाटलं होतं ते अजून काही बोलतील. ते बोलले नाहीत आणि तू गेलास, आणि बोटीने जितकं लांब जाता येतं त्याहून लांब जाऊन वाळवंटात घर केलंस, जिथे मासाही नाही आणि शेजारीही नाहीत.

तेव्हा तुझी भीती मला नव्याने समजावू नकोस. माझी अट ऐक. मी रॅग्नालाही सांगितली आहे. जे हत्यार दुखतं ते माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं हत्यार म्हणजे लोखंड. ते रिव्हॉल्व्हर तिच्या अंगावर दिवसभर राहिलं पाहिजे. जेवताना, होडी ओढताना, झुडपात बसताना. असं अंगावर बांधायचं होल्स्टर मला सापडलं तर ती ओढ्यावर जाईल. नाही सापडलं तर मी स्वतः तिला विमानात बसवीन आणि तू म्हणशील ते ऐकून घेईन. खात्याचा माणूस मला म्हणाला, "बाई, आम्ही देतो ना एक." मी म्हटलं, तुम्ही द्याल ते तुमच्या कमरेला बांधा.

कामाला सुरुवात व्हायला अजून वेळ आहे. तोवर तरी गप्प बस.

सिग्ने


११ जून

हॉकन,

तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लांब होतं. प्रगती आहे. "तिच्या आईला झोप लागत नाही" असं लिहिलंस. तुला लागते का, ते लिहिलं नाहीस.

हकिगत ऐक. रिव्हॉल्व्हर बाबांचंच आहे, तेच चव्वेचाळीस बोअरचं धूड. हातात घेतलं की अजूनही मनगट खाली जातं. रॅग्नाला नेम धरता येतो, डाव्या हाताने, आणि चांगला येतो. तिला तू शिकवलंस म्हणे, तिकडे वाळूत, डब्यांवर. मला हे माहीत नव्हतं. मी ऐकलं आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

पण आधी मी तिला रिव्हॉल्व्हर दिलंच नाही. जाळ्याची शिशाची वजनं त्याच तोलाची पिशवीत शिवली आणि म्हटलं, ही होल्स्टरमध्ये घाल आणि माझ्याबरोबर काम कर. ज्या क्षणी तुझा हात काढून ठेवायला जाईल त्या क्षणी ते होल्स्टर बाद.

पहिलं कमरेचं. बाबांचं जुनं. छातीपर्यंतची रबरी विजार चढवली की ते आत गाडलं जातं. वरून बांधलं तर ओढ्यात मांडीपर्यंत उतरलं की बुडतं. आणि पाठीवरच्या पिशवीचा पट्टा नेमका त्यावर येतो. दुपारी जेवायला बसली आणि हळूच सोडून बाकावर ठेवलं. मी फक्त बघितलं. तीच म्हणाली, "बाद का?" म्हटलं, "बाद. तुझ्या बापाचं हाड याच जागी सोललं होतं." तिने शर्ट वर करून बघितलं. लाल झालं होतं. ती म्हणाली, "बाबांना अजून वण आहे." मला वाटलं होतं गेला असेल.

दुसरं काखेतलं, शहरातून मागवलं. झोकदार. त्याचा पट्टा मानेला करवतीसारखा लागतो, आणि नळी मागे रोखलेली, म्हणजे मागून चालणाऱ्या माणसाच्या पोटावर. मागून मीच चालत होते. ते मी स्वतःच बाद केलं.

तिसरं मांडीचं. त्याचं काय सांगू! चालताना फटक फटक. होडीत बसली की वल्ह्याला अडकतं. फ्योदरकाका कॉफी प्यायला आले होते, ते बघून म्हणाले, "पोरी, दरोडा घालायला निघालीस का? बँक तिकडे शहरात आहे." रॅग्ना इतकी हसली की खाली बसली, आणि बसल्यावर परत ते टोचलं.

मग छातीवरचं. हे मला आधीच कळायला हवं होतं. छातीवर तिरकं बांधायचं, विजारीच्या वर, पिशवीच्या पट्ट्यांच्या मध्ये. वजन खांद्यावर आणि पाठीवर वाटलं जातं, पाण्यात बुडत नाही, बसताना आड येत नाही. शहरातल्या दुकानात होतं एक, नायलॉनचं. तिने तीन दिवस घातलं. लाकडं फोडली, पाणी आणलं, जाळं ओढलं, त्यातच जेवली. एकदाही काढलं नाही. माझ्या जिवात जीव आला.

मग मी खरं रिव्हॉल्व्हर घातलं त्यात आणि म्हटलं, काढ.

होल्स्टर उजव्या हाताचं. मूठ उजवीकडे. तिने डावा हात वळवून नेला, मनगट मुरडलं, कोपर पिशवीच्या पट्ट्यात अडकलं. परत केलं. परत अडकलं. मी दुकानात विचारलं, डाव्या हाताचं? ते म्हणाले, मागवावं लागेल, हिवाळ्याच्या सुमाराला येईल. हिवाळ्यात शेजारी झोपलेले असतात, तेव्हा घेऊन काय करू, त्यात बटाटे ठेवू?

जेवताना रॅग्ना म्हणाली, "आत्या, काही हरकत नाही. मी उजव्या हाताने शिकेन."

हॉकन, याच टेबलावर. याच बाजूला बसून. मान खाली घालून, काटा ताटात फिरवत. "मी उजव्या हाताने शिकेन." शब्दही तेच. तू तसं म्हणाला होतास तेव्हा बाबा खूश झाले होते आणि आई उठून बाहेर गेली होती.

मी म्हटलं, नाही. तू नाही शिकायचंस. तिने वाद घातला, मी ओरडले, ती रडली, मग मीही. तुझं खरं झालं. येत्या गुरुवारच्या विमानाने तिला बसवते. सामान बांधतेय ती. माझ्याशी बोलत नाही. आपल्या घरात न बोलण्याची कला चांगली उतरली आहे.

मला 'ये' म्हणायचं होतंस, असं मनात येतंय ना तुझ्या? तुला कधीच ये म्हटलं नाही मी, कारण बाबा असेपर्यंत तू आला नसतास. आणि ते गेले तेव्हाही आला नाहीस.

सिग्ने


१७ जून

हॉकन,

ती विमानात बसली नाही.

थांब. ओरडू नकोस. पूर्ण वाच, आणि बसून वाच. या वेळी खरंच बसून वाच.

बुधवारी सकाळी फ्योदरकाका आले होते, रॅग्नाला निरोप द्यायला, सुकवलेला साल्मन घेऊन. आम्ही दोघं कॉफी घेत होतो. ती माळ्यावर गेली होती, तिची मोठी पिशवी मी वर जाळ्यांमागे टाकली होती ती आणायला. वर बराच वेळ खुडबुड चालली होती. मग शिडीवरून उतरली ती छातीवर होल्स्टर बांधून. कातड्याचं. तपकिरी. तेलाने काळपट झालेलं.

"आत्या, हे कोणाचं?"

मी बघितलं आणि हसू आलं. "अगं, ते बाबांचं उलटं."

तुला हे माहीत नाही, तू गेल्यानंतरचं आहे. भूकंप झाला, लाट आली, जुनं घर गेलं, त्या वर्षीची गोष्ट. तुझी तार आली होती तेव्हा. "सगळे ठीक आहात का" एवढीच. बाबांनी ती उभ्याने वाचली, "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन नव्या घराच्या खांबांवर हातोडा मारत बसले. त्या शरद ऋतूत त्यांनी जहाजावरून कातडं मागवलं. गाईचं, जाड, चांगल्यातलं. आई म्हणाली, छप्पर नाही डोक्यावर आणि कातडं कसलं? ते मात्र हिवाळाभर माळ्यावर बसून शिवत होते, त्या एका आखडलेल्या हाताने, जाळ्याच्या सुईने.

छातीवरचं होल्स्टर. तेव्हा इथे कोणी तसं वापरत नव्हतं. खाली घेऊन आले तर मूठ भलत्याच बाजूला. मी म्हटलं, "बाबा, हे उलटं झालं." ते म्हणाले, "हो. कापताना कातडं उलटं पडलं." कापणाऱ्याला ठाऊक असतं, नमुना कातड्यावर पालथा ठेवला की सगळंच आरशातल्यासारखं होतं. बाबांसारख्या माणसाने ही चूक करावी म्हणून आम्ही त्यांना किती चिडवलं! खाडीतला जो येईल तो विचारायचा, "काय रे, उलट्याचं सुलटं झालं का?" बाबाही हसायचे. टाकून का नाही देत म्हटलं की म्हणायचे, कातडं चांगलं आहे. दर शरदात खाली आणायचे, तेल लावायचे, परत वर टांगायचे. गेले त्या वर्षीही लावलं होतं. मला वाटायचं, चिक्कूपणा.

हे सगळं मी हसत हसत रॅग्नाला सांगत होते. आणि सांगता सांगता तिचा डावा हात मुठीवर गेला.

नीट बसला. मनगट न मुरडता, कोपर न अडकता. रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं, रिकामं. तिने घातलं. ते कातडं ओलं करून याच रिव्हॉल्व्हरवर बसवलेलं होतं, हॉकन. आवाज न करता आत गेलं. तिने काढलं. परत घातलं. माझ्याकडे बघितलं.

मी अजून बोलतच होते, "म्हातारपणी डोळे..." आणि बोलायची थांबले.

फ्योदरकाकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "उलटं? कोण म्हणतं उलटं?"

"बाबाच म्हणायचे."

"तो काय म्हणायचा ते सोड. त्याने ते तीनदा उसवलं होतं. मला दोनदा बोलावून घेतलं माळ्यावर. म्हणाला, डाव्या हाताने काढ बघू. मी म्हटलं, बाबा रे, मी उजवा आहे. म्हणाला, ठाऊक आहे, गप काढ. मी काढलं. म्हणाला, कोपर अडकतंय, आणि परत उसवायला बसला."

"मग तुम्ही विचारलं नाहीत कोणासाठी म्हणून?"

"विचारलं. म्हणाला, कातडं उलटं पडलं." काकांनी खांदे उडवले. "पोरी, तुझ्या बापाला पुढचा प्रश्न विचारणारा मी कोण?"

आणि मग मला बुजगावणं आठवलं.

तुझा पिवळा तेलकोट होता ना, जाताना खुंटीला राहिलेला? लाटेत तो कसा वाचला देव जाणे. टेबलाबरोबरच गुंडाळून आला होता. त्या हिवाळ्यात मी एकदा वर गेले तर बाबांनी तो वाशाला टांगला होता, आणि आत जाळ्याची बुचं ठासून भरली होती. बाह्या, छाती, खांदे, सगळं फुगलेलं. मी घाबरलेच. म्हटलं, "हे काय?" बाबा पाठमोरे होते. म्हणाले, "कावळ्यांसाठी बुजगावणं. धुराडीतले मासे पळवतात." मी खाली आले. ते बुजगावणं मासे धुरावर सुकवतो त्या धुराडीपाशी कधी लागलं नाही. हिवाळाभर माळ्यावरच होतं. माळ्यावर कावळे कुठून येणार, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तुझं माप घेत होते ते, हॉकन. माणूस नव्हता म्हणून कोटावर घेत होते.

मी काय लिहू आता? मला त्यांचा इतका राग आला. तार करायला काय झालं होतं? "चुकलो" एवढंच लिहायचं. पत्ता होता, तिकिटं होती, दोन हात होते, एक आखडलेला का असेना. हिवाळाभर बसून तीनदा उसवेल, लोकांचं हसणं ऐकून घेईल, पण एक ओळ लिहिणार नाही. असा माणूस! मी टेबलावर डोकं ठेवून रडले आणि रॅग्नाने माझ्या पाठीवर हात ठेवला, डावा.

दोष मुलाचा नव्हता, पट्ट्याचा होता, हे त्यांना कळलं होतं. त्यांना बोलता आलं नाही. कातडं कापता येत होतं, ते कापलं.

काका उठले आणि म्हणाले, "मग ती येत नाही म्हणून विमानवाल्याला सांगू ना?" रॅग्नाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अट म्हणजे अट. आधी शिसं घाल. दिवसभर."

तिने सबंध दिवस घातलं. संध्याकाळी वाफेच्या न्हाणीची बान्या तापवली, आपल्या जुन्या पद्धतीने, दगड लाल होईस्तोवर. आंघोळीला आत जाताना कुठे तिने ते काढलं, आणि बाहेर आल्यावर कोणी न सांगता परत बांधलं. म्हणाली, "आत्या, आहे हे विसरायला होतं."

तेव्हा ती ओढ्यावर जाणार. तुला मान्य नसेल तर ये आणि स्वतः थांबव. मी मध्ये येणार नाही.

सिग्ने


९ जुलै

हॉकन,

तुझं पत्र आलं. पाकीट उघडलं आणि म्हटलं आता किती ओळी ओरडला असेल. आत एकच ओळ. "तिला नीट बसतं का?"

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही.

ऐक. रॅग्ना रोज वर जाते. परवा त्याच वळणावर शेजारी भेटला. एकटाच होता, मोठा, मानेपर्यंत ओला, तोंडात मासा. ती सांगते, "माझा हात आधीच मुठीवर होता, मी नेला नव्हता, तो तिथेच होता." तिने त्याला मोठ्याने सांगितलं, "मी चालले, तू जेव." आणि मागे मागे सरकली. त्याने मासा खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं, मासा परत उचलला आणि झाडीत गेला. हत्यार बाहेर काढावंही लागलं नाही. घरी येऊन तिने हे हसत सांगितलं, मग टिक्क्या खाल्ल्या, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी तिच्याजवळ बसले. होल्स्टर अंगावरच होतं.

साल्मन या वर्षी दाट आहेत. खाडी संध्याकाळी उकळल्यासारखी दिसते. धुराडीला नवं दार लावलंय. तुझी जागा टेबलाच्या डाव्या टोकाला आहे, आई बसवायची तिथे, म्हणजे कोणाची कॉफी सांडायला नको. रॅग्ना तिथे बसते, पण उठेल म्हणाली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट बसतं, पण तसंच्या तसं नाही. बाबांनी पट्ट्याला एकच भोक पाडलं होतं. एकच, इकडे तिकडे काही नाही, इतकी खात्री होती त्यांना. तिला ते सैल पडलं. मला आत दुसरं भोक पाडावं लागलं.

पहिलं भोक अजून कोणी वापरलेलं नाही.

सिग्ने